पल्टणीतल्या पोराची पदवी

पुणे जिल्ह्यात सरकार स्वतःच्या खर्चाने पदव्या देते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साडेसोळा ते साडेएकोणीस वयाची मुले बारावीच्या जोरावर जातात, तीन वर्षे कवायत करतात, पोहतात, घोड्यावर बसायला शिकतात आणि बाहेर पडताना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन निघतात. राहणे, जेवण, पुस्तके, प्राध्यापक, सगळे सरकारचे. वानवडीला फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर घडतात. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात तरुण अधिकारी अभियंते होतात. दिघीला १९९४ पासून भूदलातल्या लोकांच्या मुलामुलींसाठी वेगळे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुळशीतल्या कासारसाईहून सकाळी निघालेला माणूस या चारही ठिकाणांना भेट देऊन दिवेलागणीला घरी परत येऊ शकतो.

आता त्याच कासारसाईतला, त्याच वयाचा, बारावीच झालेला दुसरा मुलगा घ्या. तो शिपाई म्हणून भरती होतो. त्यालाही सरकार खाऊ घालते, कपडे देते, महिनोन्महिने शिकवते. नकाशावाचन, वायरलेस, गाडीची दुरुस्ती, प्रथमोपचार, स्फोटके, एवढे तो शिकतो की एखाद्या आयटीआयच्या मास्तरने तोंडात बोट घालावे. पण या शिकण्याला विद्यापीठाच्या कागदावर किंमत मिळायची तर त्याला स्वतंत्र खटाटोप करावा लागतो. स्वतः फॉर्म भरायचा, स्वतः पैसे भरायचे, स्वतःच रजा काढून परीक्षेला जायचे. एकाच सरकारच्या एकाच खात्यात दोन मुलांच्या शिक्षणाचा हिशेब असा वेगळा का असावा, याचे पटण्यासारखे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. एक अधिकारी होणार आणि दुसरा शिपाई, हे त्यांच्या हुद्द्यांमधले अंतर झाले. त्यावरून शिक्षणाचा हक्क ठरायचे कारण नाही.

कासारसाईकडे पाहिले की हा प्रश्न हवेतला राहत नाही. मुळशी तालुक्याच्या कडेला, मावळाला चिकटून हे गाव. एका बाजूला धरण, दारुंबऱ्याच्या बाजूला संत तुकाराम साखर कारखाना आणि खाली उतरले की हिंजवडी. शनिवार-रविवारी आयटीवाल्यांच्या गाड्या धरणाकडे येतात. इतर दिवशी पहाटे त्याच रस्त्यांवर भरतीची पोरे धावत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले तर पूर्ण गुण, मग बीमवर दहा पुलअप, नऊ फुटांचा खड्डा. हल्ली आधी संगणकावर लेखी आणि मगच ग्राउंड, त्यामुळे पोरांच्या बॅगेत बुटांबरोबर सामान्य ज्ञानाचे गाइडही असते. यातल्या बऱ्याच पोरांनी कॉलेज नको म्हणून भरतीचा रस्ता धरलेला नसतो. घरात दोन भावंडे, थोडासा ऊस, थोरल्याच्या डिप्लोमाची फी नुकतीच भरलेली. तेव्हा धाकटा म्हणतो, मी भरती होतो. बाप पोराच्या फीच्या चिंतेतून सुटतो. म्हणजे शिपायाच्या न झालेल्या पदवीचे पैसे घराने आधीच वाचवलेले असतात. देशसेवेच्या भाषणांत हा हिशेब कधी येत नाही.

या वाचलेल्या पैशांचे पुढे काय होते ते पाहायचे असेल तर हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर थांबावे. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेला, ताठ उभा राहणारा, गाडीखाली आरसा सरकवणारा माणूस हमखास माजी सैनिक असतो. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शन आलेला. त्याने सियाचिनच्या पायथ्याला जनरेटर चालू ठेवलेला असतो किंवा वीस-तीस जवानांच्या तुकडीचे रेशन सांभाळलेले असते. आत वातानुकूलित इमारतीत त्याच वयाचा माणूस नेमके हेच काम जरा गुळगुळीत नावाने करतो आणि चौपट पगार घेतो. त्या दोघांत फरक बहुतेक वेळा एका कागदाचा असतो. गेटवरचे काम हलके आहे असे मला म्हणायचे नाही. पण ज्याने तिशीत पदवी घेतली असती त्याला निदान निवड करता आली असती.

फी फार मोठी असते म्हणून हे होत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. कारण या विषयावर बोलताना लोक लगेच सवलतीचा आकडा विचारतात. मुक्त विद्यापीठाची बी.ए. किंवा बी.कॉम. काही हजार रुपयांत होते. शिपायाच्या पगारातून ते निघू शकतात. ओळखीतल्या एका हवालदाराची बटणाची प्लास्टिक फाइल मी पाहिली आहे. त्यात प्रवेशाच्या पावत्या आहेत, भरून पाठवलेल्या स्वाध्यायांच्या झेरॉक्स आहेत आणि न वापरलेली हॉल तिकिटे आहेत. एका वर्षी परीक्षा आली तेव्हा पल्टण फील्डमध्ये होती, रजा बंद. पुढच्या वर्षी परीक्षा केंद्र पुण्यात आणि युनिट पंजाबात हललेले. त्यानंतरच्या गुणपत्रिकेवर सगळ्या विषयांसमोर ‘गैरहजर’. मग नोंदणीची मुदत संपली, पुन्हा प्रवेश, पुन्हा फी. तो म्हणाला, “फी काय हो, एक महिना कमी खर्च केला असता. रजा कुठून आणू?”

जवानाला वर्षात साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा मिळते. ऐकायला भरपूर वाटते. पण त्यात बहिणीचे लग्न, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, भाताची लावणी, हिश्श्याच्या जमिनीची मोजणी, बायकोचे बाळंतपण हे सगळे बसवायचे असते, शिवाय ती रजा पल्टणीच्या सोयीने मिळते, विद्यापीठाच्या वेळापत्रकाने नव्हे. त्यामुळे जवानाची पदवी स्वस्त करायची तर फी माफ करणे हा अर्धाच उपाय. तो करावाच. त्याला फार पैसा लागत नाही. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नाखालच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. सीमेवरच्या जवानाची मुक्त विद्यापीठातली काही हजारांची फी त्यापुढे किस झाडाची पत्ती. पण दुसरा अर्धा उपाय सरकारी तिजोरीतून येत नाही. परीक्षा पल्टणीत होऊ शकली पाहिजे. आघाडीवर असल्यामुळे चुकलेला पेपर ‘गैरहजर’ म्हणून धरता कामा नये. नोंदणीची मुदत नोकरीच्या धकाधकीत गोठली पाहिजे. हे विद्यापीठांनी आणि फौजेने एका टेबलावर बसून करायचे काम आहे, आणि नेमके असे टेबलावरचे काम आपल्याकडे मागे पडते. फीमाफीची घोषणा मात्र एका दिवसात होते.

आपल्या योजना पाहिल्या तर आणखी एक गोष्ट खटकते. शिक्षणाच्या बाबतीत सरकारला सैनिक आठवतो तो बहुधा बाप म्हणून, किंवा मेल्यावर. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ पासून युद्धात मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या वा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणखर्च सरकार उचलत आले. २०१७ च्या जुलैत त्यावर महिन्याला दहा हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. नौदल प्रमुखांनीच ती काढा म्हणून पत्र लिहिले, गदारोळ झाला आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली गेली. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत दरवर्षी ५५०० शिष्यवृत्त्या आहेत, मुलींना महिन्याला ३००० आणि मुलांना २५०० रुपये, पण त्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी. हे सगळे चांगलेच आहे, कोणी त्याला हात लावू नये. फक्त या यादीत वर्दीतला, धडधाकट, बावीस वर्षांचा, स्वतः शिकू पाहणारा जवान कुठेच दिसत नाही. त्याने शिकण्याऐवजी मुलांना शिकवावे, अशी ही समजूत. आपल्याकडच्या बापांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पत्करली आहे, म्हणून ती कोणाला विचित्र वाटत नाही.

सैनिकाची नोकरी हे शिक्षण आहे, हे सरकारने एके ठिकाणी मान्यही केले आहे. दहावी झालेल्या आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक पात्रतेची अट नसलेल्या गट ‘क’च्या पदवीपात्र जागांसाठी केंद्र सरकार पात्र धरते. हा नियम १९८६ पासूनचा. म्हणजे पंधरा वर्षांची पल्टण ही पदवीच्या तोडीची, हे तत्त्व कागदावर आहे. पण ही ‘पदवी’ हिंजवडीच्या कंपनीत चालत नाही, एम.ए.च्या प्रवेशाला चालत नाही, वरच्या गटातल्या पदाला चालत नाही. ती मिळते रिलीज झाल्यावर, म्हणजे शिकण्याची उमेद ओसरून गेल्यावर.

इथे मला महूच्या छावणीतली शाळा आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या फौजी अध्यापक शाळेत शिक्षकाची पदविका घेतली होती आणि पुढे ते महूच्या छावणीतल्या शाळेत मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, मुलांसाठी दिवसाची आणि शिपायांसाठी रात्रीची शाळा असे, आणि अस्पृश्यांना त्याआधी कधीच न मिळालेली संधी त्यातून मिळाली, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ज्या माणसाला गावच्या शाळेच्या पायरीवर बसू दिले नसते, तो पल्टणीत वाचायला शिकला, मग शिकवायला लागला आणि त्याच्या घरात इंग्रजी व मराठीचा अभ्यास पहाटेपासून चालू लागला. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर फौजीच. महारांची भरती बंद झाली तेव्हा अर्ज-विनंत्या लिहिणारे, मुद्देसूद मांडणी करणारे पहिले लोक या पेन्शनरांतूनच पुढे आले. भरती बंद झाल्याने नोकरी गेली आणि त्याबरोबर शाळाही गेली, हे त्या लोकांना कळत होते.

इंग्रजांनी हे शिक्षण उदारपणाने दिले नाही. हुकूम वाचणारा, हिशेब ठेवणारा शिपाई त्यांना हवा होता. आणि मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या मतलबी व्यवस्थेने शिपायाला शाळा दिली, आणि ती शाळा पल्टणीत होती, नोकरीच्या वेळात होती, फुकट होती. एकशेचाळीस-दीडशे वर्षांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरणाऱ्या जवानाला यातले काय मिळते? शिक्षणाची परंपरा फौजेत आजही आहे. तिथे शिक्षण कोअर आहे, आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनच्या परीक्षा आहेत, बढतीला त्या लागतात. पण त्या परीक्षेची किंमत छावणीच्या कुंपणापर्यंत.

असा बांध फोडता येतो, हे २००९ मध्ये दिसले होते. इग्नू आणि भूदल यांनी ‘ज्ञानदीप’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात फौजेतल्या प्रशिक्षणाला विद्यापीठाची श्रेयांके मिळणार होती. पुढे हा प्रकल्प ज्या कम्युनिटी कॉलेज योजनेत होता, ती इग्नूची योजनाच अडचणीत आली. कल्पना मात्र बरोबर होती, आणि तेरा वर्षांनी ती अग्निवीरांच्या निमित्ताने परत आली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली त्याच आठवड्यात शिक्षण मंत्रालयाने सांगितले की अग्निवीरांसाठी तीन वर्षांची खास पदवी असेल, तिची निम्मी श्रेयांके फौजेतल्या प्रशिक्षणातून येतील आणि उरलेली भाषा, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांतून. दहावी झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीची सोय. कागदावर ही फार चांगली गोष्ट आहे. इतकी चांगली की चार वर्षांनी फौजेत कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी ती कमी का पडते, हे नीट पाहिले पाहिजे.

अग्निवीराला पहिल्या वर्षी ३०,००० रुपये पगार, त्यातले ९,००० कापून सेवानिधीत, हातात २१,०००. चार वर्षांनी जवळपास ११.७१ लाख मिळतात, आणि त्यातला मुद्दलाचा निम्मा भाग त्याच्याच पगारातून कापलेला असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारांतल्या तिघांना घरी यायचे. केंद्रीय निमलष्करी दलांत काही जागा राखीव आहेत, पण सगळे तिथे जाणार नाहीत. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा सेवानिधीच्या पैशातून शिकायचे ठरवतो असे समजा. पुण्याच्या परिसरातल्या एखाद्या खासगी विद्यापीठात चार वर्षांची अभियांत्रिकी करायला गेला, तर त्याचा सेवानिधी तिथेच संपतो, वसतिगृहाचे वेगळेच. म्हणजे देशाने त्याच्याकडून चार वर्षे घेतली, त्याच्या पगारातून पैसे साठवले, आणि ते पैसे अखेरीस एखाद्या शिक्षणसम्राटाच्या इमारतीला लागले. मुळशीत असल्या इमारती कमी नाहीत, डोंगर फोडून उभ्या आहेत.

अमेरिकेने हा अनुभव आधी घेतला आहे. १९४४ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांना कॉलेजची फी आणि भत्ता दिला, आणि १९४७ मध्ये तिथल्या कॉलेजांतल्या नव्या विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. आजही तिथे वर्दीतल्या सैनिकाला एका श्रेयांकाला २५० डॉलरपर्यंत आणि वर्षाला ४५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरते, नापास झाला तर ती परत करावी लागते. नोकरी चालू असताना शिकणाऱ्यासाठी वेगळी योजना असते, हे आपण त्यांच्याकडून घेण्यासारखे. पण तिथे नफेखोर कॉलेजांनी या पैशावर डोळा ठेवला, छावण्यांच्या दारात एजंट बसवले, आणि कोरिंथियन किंवा आयटीटी टेक यांसारखी कॉलेजांची जाळी २०१५-१६ मध्ये कोसळली तेव्हा सैनिकांच्या हातात निरुपयोगी श्रेयांके उरली. कायद्यातल्या ज्या फटीतून हा पैसा वाहत होता ती बुजवायला २०२१ उजाडले. म्हणून मला सैनिकाच्या फीची रक्कम हातात देण्याची कल्पना भीतीदायक वाटते. भरती अकॅडम्यांच्या जाहिराती रस्त्याच्या प्रत्येक वळणावर आहेत. उद्या ‘माजी अग्निवीरांसाठी खास पदवी’च्या जाहिराती त्यांच्या शेजारी लागतील. सरकारी आणि मुक्त विद्यापीठांत फी शून्य, आणि खासगीत पैसे फक्त ठरावीक मर्यादेपर्यंत, पास झाल्यावर, असे असावे.

फौजेला पदवीधर शिपाई नको, शिकला की तो निघून जाईल, अशी शंका घेतली जाते. तिला फारसे बळ राहिलेले नाही. अग्निपथात तिघे तसेही जाणार आहेत. आणि शिपायातून अधिकारी घडवण्याची परंपरा फौजेची स्वतःची आहे. त्यासाठीचे आर्मी कॅडेट कॉलेज १९६४ ते १९७७ पुण्यातच होते, मग ते डेहराडूनला गेले. तिथे जाणारे थोडे. बाकीच्यांना तेवढेच शिक्षण अधिकारी न होता मिळावे, एवढेच मागणे आहे. साताऱ्याला १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढताना कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग लावून दिला. पोरे विहिरी खणत आणि शिकत. देशासाठी कमावणाऱ्या पोराला शिकवायला त्या योजनेचा एक सुधारित कागद पुरला असता.

महाराष्ट्राने केंद्राची वाट का पाहावी, हाही प्रश्न आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, ज्ञानगंगा घरोघरी हे त्याचे ब्रीद, आणि त्याला नाव आहे त्या यशवंतराव चव्हाणांचे, जे १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या धक्क्यात दिल्लीला संरक्षण मंत्री म्हणून गेले. देवळालीत तोफखान्याची शाळा त्याच विद्यापीठाच्या दारात आहे. मराठी जवानांसाठी या विद्यापीठाला छावणीतले परीक्षा केंद्र, चुकलेल्या पेपरची सवलत आणि शून्य फी हे तिन्ही करता येईल. मुद्दा प्रशासकीय आहे, क्रांतिकारक नाही.

आणि वेळ थोडा आहे. पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. ते डिसेंबर-जानेवारीत घरी येणार, आणि आपली कॉलेजे प्रवेश घेतात जून-जुलैत. मधल्या सहा महिन्यांत कासारसाईचा पोरगा काय करील? घरात बसून राहणार नाही, कुठल्या तरी गोदामात, कुठल्या तरी कंपनीच्या पाळीत रुजू होईल, आणि जूनमध्ये पगार सोडून वर्गात बसणे अवघड जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्षातून दोनदा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतही प्रवेश द्यायची मुभा २०२४ मध्येच दिली आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांनी निदान या मुलांसाठी जानेवारीची एक तुकडी उघडावी, त्यांच्या फौजेतल्या श्रेयांकांची शैक्षणिक श्रेयांक बँकेतली नोंद बघून उरलेलेच विषय शिकवावेत, आणि हे ठरवायला २०२७ च्या जूनची वाट पाहू नये.